चांगला माल गिऱ्हाइकाचा

दुकान बंद ठेवायचा वार होता, तरी शटर अर्धं उघडं होतं. रस्त्यानं जाणारे वाकून आत बघत. पांढऱ्याशुभ्र कमोडांच्या रांगांमध्ये खुर्च्या टाकून माणसं बसलेली दिसत, आणि काहीतरी घरगुती चाललंय हे ओळखून ते पुढे सरकत. होतंही घरगुतीच. दोन पिढ्या अर्ध्या शहराला संडासाची भांडी विकणाऱ्या या घराला आज स्वतःच्या आईसाठी एक भांडं निवडायचं होतं, आणि चहाचा दुसरा फेरा झाला तरी ते निवडून होत नव्हतं.

थोरली सून गल्ल्यामागे बसली होती. लग्नानंतर वर्षाच्या आतच सासऱ्यांनी तिला तिथं बसवलं होतं, आणि तेव्हापासून बैठक कसलीही असली तरी तिची जागा ठरलेली. हातात काहीतरी धरलेलं असलं की तोंडावर ताबा राहतो, असा तिचा अनुभव होता. म्हणून आज तिनं किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला होता. राग तिला सकाळपासूनच आलेला होता, फक्त कुणाकुणाचा ते अजून वेगळं व्हायचं होतं.

सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत होत्या, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरून. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झाल्यापासून त्या लेकीकडे राहत होत्या. लेक मनापासून करत होती. आईला बाथरूमला जायचं असलं की आत येऊन उभी राहत होती, उठायला हात देत होती. आणि जन्मभर पहाटे सगळ्यांच्या आधी उठून आपलं आपण आवरणाऱ्या त्या बाईला याची इतकी लाज वाटत होती, की त्यांनी पाणी पिणंच कमी केलं होतं. दिवसाकाठी दोन घोट. डॉक्टर त्यावरून रागावले, लेक रागावली, उपयोग शून्य. थोरलीला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मला घरी ने. दार लावून एकटीला बसता-उठता येईल एवढं बघ. बाकी मला काही नको."

त्यासाठीच घरातलं खालचं बाथरूम फोडलं होतं. उद्या गवंडी पाइप टाकणार होता. भांडं जमिनीवर बसणार की भिंतीला टांगायचं, हे ठरल्याशिवाय पाइप कुठून काढायचा ते त्याला कळणार नव्हतं. म्हणून ही बैठक.

"भांडं ते भांडं," थोरला म्हणाला. दुकान तोच बघायचा, त्यामुळे शेवटचा शब्द आपला अशी त्याची समजूत होती. "वरून कितीही नटवा, काम एकच. साधं घ्या, मोकळे व्हा."

"दादा, जमाना कुठं गेलाय आणि तू कुठं बसलायस," धाकटा म्हणाला. तो बिल्डरांकडे फिरून मोठाल्या ऑर्डरी आणायचा, त्याच्या अंगावर कायम इस्त्रीचा शर्ट असे. "हे बघ. भिंतीला टांगलेलं. खाली फरशी मोकळी. टाकी भिंतीच्या आत. झाकण हळूच आपलं आपण मिटतं. आणि बसलं की सीट कोमट होते."

"कोमट कशाला? आईला काय शेक द्यायचाय?"

"तुला चेष्टाच सुचणार. ताई, तू सांग."

ताई या दोघांची मोठी बहीण, आई सध्या हिच्याकडेच होती. शाळेची मुख्याध्यापिका, घरातही आवाज तोच. वडिलांच्या माघारी दुकानाच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली 'आणि मुलगे' असं रंगवून घेतलं, तेव्हापासून ती थोरल्याच्या बाजूनं एकदाही बोलली नव्हती, आणि आजही बोलणार नव्हती. "आईसाठी आहे ना? मग सगळ्यात चांगलं घ्या," ती म्हणाली. "जन्मभर तुमचा उरलासुरला माल वापरलाय तिनं."

ते मात्र खरं होतं. सासऱ्यांचा नियमच तसा होता, चांगला माल गिऱ्हाइकाचा, उरला तो घरचा. कारखान्यातून येताना टवका उडालेलं बेसिन, भट्टीत बूड वाकडं झालेलं भांडं, झिलईखाली केसाएवढी चीर गेलेली टाकी, धंद्याच्या भाषेत 'सेकंड', सगळं घरात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. खालच्या बाथरूममधलं कमोड तर डावीकडे डुगडुगायचं. त्याच्या बुडाखाली खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी असे. ती भिजून लगदा झाली की नवी. घरातली मुलं उजव्या अंगावर भार देऊन बसायला शिकत शिकतच मोठी झाली. पाहुण्याच्या हातात टॉवेल देताना हळूच सांगितलं जाई, जरा उजवीकडे बसा हं. दुकानात गिऱ्हाइकासमोर प्रत्येक भांडं किल्लीनं वाजवून दाखवायची रीतही सासऱ्यांचीच. निर्दोष भांडं खणखणीत वाजतं, चिरलेलं बद्द बोलतं. घरचं भांडं कधी कुणी वाजवून पाहिलं नव्हतं. काय ऐकू येणार ते माहीत होतं.

"उरलासुरला म्हणू नकोस," थोरला म्हणाला. "त्याच मालावर तुझं शिक्षण झालंय. आणि आई पडली ती भांड्यामुळं नाही. इतकी वर्षं बसतच होती की. त्या दिवशी अंगात कणकण होती, उजवीकडं कलायचं विसरली. एवढंच."

किल्ल्यांचा जुडगा गल्ल्यावर आपटला. तो आपण आपटला हे थोरलीला आवाजानंतर कळलं.

"अहो, काय बोलताय काय तुम्ही? विसरली? माणसानं संडासला बसायला काय काय लक्षात ठेवायचं? तापानं फणफणलेल्या म्हाताऱ्या बाईनं आधी डावं-उजवं आठवायचं, मग बसायचं? आणि नाही आठवलं तर चूक तिची?"

"मी चूक कुठं म्हणालो?"

"मग काय म्हणालात? भांड्याची नाही, तुमची नाही, पुठ्ठ्याची नाही. राहिलं कोण?"

थोरला खुर्चीत मागे सरकला. बायको चारचौघांत असं बोलत नसे. ताईनं मान वळवून भावजयीकडे पाहिलं. गल्ल्यामागे इतकी वर्षं एक बोलणारी बाई बसली होती, हे तिच्या गावीही नव्हतं.

धाकट्याला ही संधी वाटली. हवा आपल्या बाजूची आहे असं समजून तो उठला आणि हातवारे करत सगळं बाथरूम दुकानाच्या मोकळ्या जागेत उभं करू लागला. "वहिनींचं बरोबर आहे. आता एकदाच काय ते नीट करू. हे इथं टांगलेलं भांडं. मागं पूर्ण भिंतीला काळी फरशी, म्हणजे पांढरं उठून दिसतं. वर तीन दिवे. आणि दार काचेचं."

"कशाचं?" थोरलीनं विचारलं.

"काचेचं. म्हणजे अगदीच आरपार नाही, धुरकट. आतलं फक्त आकारानं कळतं."

"कुणाला कळतं?"

"कुणाला म्हणजे... बाहेरच्याला."

"बाहेर कोण असणार आहे, भाऊजी?"

धाकट्यानं कॉलर नीट केली. ती नीटच होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची लहानपणची सवय थोरलीला पाठ होती, म्हणून ती नुसती बघत राहिली. तिच्या बघण्यापुढे तो फार वेळ टिकत नसे.

"तसं काही नाही. कंपनीची एक योजना आहे. नमुना बाथरूम म्हणतात. भांडं, टाकी, नळ, सगळं कंपनी देते, बसवूनही देते. आपण फक्त कधी कुणी बडं गिऱ्हाईक आलं तर नेऊन दाखवायचं. वापरातलं बाथरूम पाहिलं की माणसाचा विश्वास बसतो. आधी फोन करूनच येतील. आईची सोय बघूनच."



"म्हणजे," ताई सावकाश म्हणाली. शाळेत ती अशी सावकाश बोलू लागली की वर्ग थरथरत असे. "आईच्या बाथरूममध्ये तू लोकं आणणार. आईनं सीट कोमट करून ठेवायची आणि लोकांनी हात लावून बघायचा. आणि यासाठी मी मघापासून तुझी बाजू घेतेय."

"ताई, तू उगाच वाईट अर्थ काढतेस. फुकटात सगळ्यात भारी माल मिळतोय."

"फुकटात? आईची अब्रू कोणत्या खात्यात मांडलीस?"

"अब्रूचा काय संबंध? ती आत असताना थोडंच कुणी येणार आहे."

"माझ्या घरी मी बाथरूममध्ये आत येते, त्या लाजेनं ती सध्या पाणीसुद्धा पीत नाही," ताई म्हणाली, आणि तिचा मुख्याध्यापिकेचा आवाज एकाएकी फाटला. "मी पोटची मुलगी आहे. आणि तू काचेचं दार लावतोस."

ती उठून गल्ल्याशी आली आणि थोरलीशेजारच्या स्टुलावर बसली. पाटीच्या भांडणात 'तुझ्या नवऱ्याला शिकव' असं तिनं थोरलीला याच जागी सुनावलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत. थोरलीनं आपला चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. गार झालेला चहा ताईनं एका दमात पिऊन टाकला.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असा विचार थोरल्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. "म्हणूनच मी म्हणत होतो," तो म्हणाला. "नको ती काच आणि नको ते दिवे. साधं, सुटसुटीत." तो लगबगीनं गोदामाच्या दारामागे गेला आणि हातगाडीवर एक भांडं ढकलत घेऊन आला. नवं कोरं, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं. "हे बघा. तयारच आहे. उद्या गवंड्याच्या हवाली करतो."

थोरली गल्ल्यामागून बाहेर आली. तिनं कागद फाडला, भांड्याला एक चक्कर मारली आणि नवऱ्याकडे पाहिलं. "वाजवून दाखवा."

"अगं, घरच्या घरी काय वाजवायचं?"

"दिवसभर परक्यांना दाखवता, आज मला दाखवा."

तो हलला नाही. तिनं जुडग्यातली मोठी किल्ली धरली आणि भांड्याच्या कडेवर मारली. आवाज बद्द आला. मडकं तडकलं की येतो तसा.

"मागच्या बाजूला आहे चीर," थोरला खालच्या आवाजात म्हणाला. "भिंतीकडे जाते. दिसणारसुद्धा नाही. बाबा असते तर त्यांनीही हेच—"

"बाबा असते तर त्यांना मी हेच विचारलं असतं," थोरली म्हणाली. "निदान एकदा तरी. खुब्यात लोखंड घातलेली बाई या भांड्यावर बसवायची? तुम्हाला झोप कशी लागली असती हो?"

"सेकंड म्हणजे काही फुटका माल नव्हे," थोरला आता चिडला. "सगळ्यांनी मिळून मला खलनायक करू नका. एकाला दिखावा हवाय, एकीला जुनं उकरायचंय. दुकान मी चालवतो. आईची काळजी काय फक्त तुम्हालाच?"

"काळजी आहे ना? मग तिला विचारलंस का, तुला काय हवंय म्हणून?" ताई कडाडली.

"तू विचारलंस? आल्यापासून 'सगळ्यात चांगलं, सगळ्यात चांगलं'. चांगलं म्हणजे काय, सांग की."

 थोरलीला आता स्वतःचाही राग आला. कारण मघापासून चौघंही भांड्यांकडे बघत होते आणि सासूबाईंकडे सगळ्यांचीच पाठ होती.

फरशीवर काठीचा आवाज झाला. सासूबाई उठल्या होत्या. लेकीनं धावत जाऊन दंड धरला तेव्हा त्या हातगाडीवरून उतरवलेल्या सेकंडपाशी पोचल्या होत्या. त्याच्याकडे पाठ करून त्या थोड्या वाकल्या, लगेच थांबल्या आणि सरळ झाल्या. "नको. फार खाली आहे. डॉक्टरांनी गुडघे खुब्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत असं सांगितलंय." मग त्या भिंतीवर टांगलेल्या भांड्याकडे वळल्या.

"आई, थांब," धाकटा ओरडला. "त्यावर बसू नकोस. ते नुसतं फळीला अडकवलंय, भार नाही घेणार."

"मग मांडलंस कशाला?"

"दाखवायला."

"हं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या त्या 'हं'मध्ये धाकट्याच्या बारशापासूनचा सगळा हिशेब होता.

रस्त्याकडच्या मोठ्या काचेला लागून चार बोटं उंचीचा लाकडी ओटा होता. त्यावर अगदी कडेला एक साधं, पांढरं, कसलाही तोरा नसलेलं कमोड मांडलेलं होतं, पाठ रस्त्याकडे. वर सासऱ्यांनी रंगवून घेतलेली पाटी होती, 'मांडलेल्या भांड्यावर बसू नये'. ती पाटी घरच्यांनी एवढी पाळली होती, की इतकी भांडी विकणाऱ्या या माणसांपैकी एकानंही विकायच्या भांड्यावर बसून कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकाला ते रंग सांगत, टाकीत पाणी किती मावतं ते सांगत, पण बसल्यावर कसं वाटतं ते कुणालाच माहीत नव्हतं.

सासूबाईंनी पाटी वाचली, आणि त्या बसल्या.

बाहेर सामानाच्या पिशव्या घेऊन चाललेलं एक जोडपं थबकलं. त्यातल्या बाईनं नवऱ्याला कोपरखळी मारली. थोरला शटर खाली ओढायला धावला. "आई, ऊठ, लोक बघतायत."

"बघू देत. धाकटा काचेचं दारच लावणार होता."

धाकटा खाली बघू लागला. सासूबाईंची पावलं दुकानाच्या फरशीवर सपाट टेकली होती, भांडं मात्र ओट्यामुळे चार बोटं वर होतं. त्या डावीकडे कलल्या. भांडं हललं नाही. मग उजवीकडे, मग पुन्हा मधे. जन्मभराची सवय अशी एका बैठकीत जात नाही, पण त्यांनी मुद्दाम दोन्हीकडे सारखा भार दिला आणि क्षणभर डोळे मिटून घेतले.

"धर," त्यांनी काठी थोरलीच्या हातात दिली. "कुणी हात लावू नका."

"आई, एकटीनं नको," ताई म्हणाली.

"हात लावू नकोस म्हटलं ना."

त्यांनी दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवले, पुढे झुकल्या आणि उठल्या. वेळ लागला. मधे एकदा ओठ आवळले गेले. पण उठल्या त्या आपल्या आपण, आणि उभ्या राहिल्या.  थोरलीनं काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली, नाहीतर तिनं नक्की हात पुढे केला असता.

"उद्या गवंड्याला सांग," सासूबाई तिला म्हणाल्या, "आधी एवढ्या उंचीचा ओटा बांध, आणि त्यावर भांडं बसव. बाजूला भिंतीत धरायला एक दांडा. आणि दार लाकडाचं, आतून कडी लागणारं."

थोरल्याचा चेहरा उजळला. "बघा. मी म्हणत नव्हतो? साधंच हवं होतं. हेच मॉडेल आहे ना, गोदामात याचंच एक पडलंय. नुसता पायाशी टवका उडालाय, ओट्यात बुजून जाईल—"

"तू आता एक अक्षर बोललास," ताई म्हणाली, "तर मी तुझ्या पाटीवरचं एकेक अक्षर खरवडून काढीन."

पण सासूबाईंनी हातानं तिला थांबवलं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या, आणि तेच थोरल्याला जड गेलं असावं. "तुझ्या बाबांचा नियम काय होता रे?"

थोरला हातगाडीची मूठ चाचपू लागला.

"सांग की. घरात सगळ्यांना पाठ आहे."

"चांगला माल गिऱ्हाइकाचा," तो पुटपुटला.

"मग मला गिऱ्हाईक समज. मी बाहेरून आले, बसून पाहिलं, मला हेच पसंत आहे. याच्यासारखं दुसरं नको, गोदामातलं नको. मी उठले ते याच्यावरून. आता गिऱ्हाइकाला दाखवतोस तसं मला वाजवून दाखव."

थोरलीनं जुडगा नवऱ्यापुढे धरला. त्यानं तो घेतला, तिच्या डोळ्याला डोळा मात्र दिला नाही. ओट्याशी जाऊन तो वाकला, वडील वाकत तसाच, डावा हात भांड्याच्या पाठीवर ठेवून, आणि मोठी किल्ली कडेवर मारली. आवाज खणखणीत निघाला आणि दुकानातल्या सगळ्या पांढऱ्या भांड्यांवरून फिरून परत आला.

"ऐकलंत ना?" तो सवयीनं म्हणाला. गिऱ्हाइकाला म्हणायचा तसं. आईला त्यानं जन्मात अहो-जाहो केलं नव्हतं.

"पुन्हा वाजव," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं पुन्हा वाजवलं. काचेबाहेरचं जोडपं अजून तिथंच होतं. धाकट्यानं स्वतः जाऊन शटर पूर्ण खाली ओढलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला.  ताई तोंडावर पदर धरून गल्ल्याकडे वळली होती.

सासूबाई खुर्चीत परत येऊन बसल्या. काठी त्यांनी मागितली नाही, थोरलीनं आपणहून खुर्चीला टेकवून ठेवली.

"पाणी दे गं," त्या म्हणाल्या.

थोरलीनं माठातून पेला भरला, पण त्या दोन घोटच घेतात म्हणून अर्धाच.

"भरून दे," सासूबाई म्हणाल्या.